पाचगणीचा वारसा: बंगले, झरे आणि पाच गावे

पाचगणीचा इतिहास बहुधा जॉन चेसनपासून सुरू केला जातो. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नसे. तिथून 19 किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस बराच कमी. म्हणून बारमाही वस्तीसाठी ही जागा निवडली गेली. 1860च्या दशकात चेसनने ती वसवली आणि सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. पण गावाचे नाव वेगळी हकिकत सांगते. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट ही पाच गावे इथे आधीपासून नांदत होती. इथल्या वारशाचा विचार मी या गावांपासून सुरू करतो.

पुढे इथल्या हवेची कीर्ती पसरली. पारशी कुटुंबांचे बंगले उभे राहिले, निवासी शाळा निघाल्या, 1912 मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल एअर आरोग्यधाम सुरू झाले. तुरुंगातून सुटल्यावर गांधीजीही जुलै 1944 मध्ये विश्रांतीसाठी इथे आले होते. ही सारी माणसे हवेसाठी आली. वस्ती टिकली ती मात्र पाण्यावर. टेबललँड म्हणजे बेसॉल्टवर बसलेले जांभ्याचे झाकण. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी खाली मुरते, चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पठारावर फरशी घातली किंवा उतार खोदला, तर त्याचा परिणाम खालच्या विहिरीपर्यंत पोहोचतो.

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांच्या पाठपुराव्यानंतर, 17 जानेवारी 2001 रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या अधिसूचनेत जुन्या इमारतींबरोबर झरे, धबधबे, देवराया, गुहा आणि पायवाटा यांनाही वारसा मानले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे महत्त्वाचे वाटते, कारण इमारत आणि निसर्ग एरवी दोन निरनिराळ्या खात्यांत विभागले जातात.

अडचण यादी करताना येते. बंगल्याला नाव असते, मालक असतो, बांधकामाचे साल असते. झऱ्याला यांतले काहीच नसते. तो कोणत्या महिन्यात आटतो, पूर्वी कुठवर वाहायचा, त्याच्यावर कोणती खाचरे भिजायची, हे गावातल्या म्हाताऱ्यांना, पाणी भरणाऱ्या बायकांना आणि गुराख्यांना ठाऊक असते. टेबललँडवरची डबकी कधी भरतात, हे घोडेवाल्यांना विचारावे. अशा माणसांना माहिती देणारे म्हणून एकदा भेटून निघून जाणे पुरेसे नाही. नकाशा त्यांच्यासोबत बसून काढावा, त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत लावावी आणि दर उन्हाळ्यात ती त्यांच्याकडूनच तपासून घ्यावी. त्या नकाशाच्या आधारे, नवे बांधकाम कोणत्या झऱ्याच्या माथ्यावर येते आहे, हे ग्रामसभेला परवानगीआधीच विचारता येईल.

हे काम याच पिढीत व्हायला हवे. बंगला पडला तरी त्याचे जुने छायाचित्र कुठेतरी सापडेल. आटलेल्या झऱ्याची जागा सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.