चतुःसीमा : दानपत्राचा खरा आधार



देवळाच्या जीर्णोद्धारास कोणी पैसा दिला, कोणी श्रम दिले, कोणी जमीन देऊ केली. पैसा मोजून घेता येतो; जमीन मात्र कागदावरील वर्णनावरूनच ओळखावी लागते. तालुका कचेरीत कारकुनी करताना मी एक जुने दानपत्र पाहिले. त्यात ‘चिंचेखालचा तुकडा देवास दिला’ एवढेच लिहिले होते. चिंच केव्हाच पडून गेलेली. दात्याची भावना निर्मळ होती, पण तुकडा नेमका कोठला हे त्याच्या नातवांनाही सांगता येईना.

आपले पूर्वज याबाबत सावध होते. शिलाहार व यादव काळच्या ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीचे ‘आघाट’, म्हणजे चारी दिशांच्या सीमा, सांगितलेल्या आढळतात. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी आणि वीस काठ्या लांब-रुंद तो बिघा, असे माप होते, हे सभासद बखरीवरून कळते. पुढे इंग्रजी अमलात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीवरून 1836 साली इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी सुरू झाली, आणि शेतवार सर्व्हे नंबरांची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ होत गेली. 33 फूट लांब व 33 फूट रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आज सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. 1 एकर म्हणजे सुमारे 40 आर.

1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे, मिळकत ओळखण्यापुरते वर्णन नसलेला दस्त नोंदणीस स्वीकारला जात नाही. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, गट अथवा सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र व चतुःसीमा स्पष्ट लिहावी. गटाचा काही भागच द्यावयाचा असल्यास आधी मोजणी करून नकाशा जोडावा. किरकोळ तपशील राहिला म्हणून दस्त आपोआप वाया जात नाही. मिळकत निःसंशय ओळखू यावी, हे त्यातील मर्म. क्षेत्र व सीमा यांत तफावत निघाल्यास न्यायालये स्पष्ट सीमांना सहसा अधिक महत्त्व देतात. झाडे पडतात, बांध सरकतात, शेजारी बदलतात. म्हणून शेजारच्या गटाचा नंबरही लिहावा.

दान देताना हात सैल असावा, दस्त लिहिताना मात्र लेखणी काटेकोर असावी. परक्या गावचा माणूसही कागद हाती घेऊन थेट त्या बांधावर येऊन उभा राहील, असे वर्णन करावे. म्हणजे आपले दान पुढच्या पिढ्यांनाही निर्वेध लाभेल, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.