बचावपटू, कबड्डीतील

बचावपटू, कबड्डीतील : प्रतिपक्षाचा चढाईपटू आपल्या अंगणात आला असता त्याला पकडून, त्याचा दम संपेपर्यंत मध्यरेषेपलीकडे जाऊ न देणारा खेळाडू. सात जणांच्या संघात दोन टोकांना कोपरारक्षक व त्यांच्या आतील बाजूस मध्यरक्षक उभे राहतात. कोपरारक्षक मुख्यतः घोटा वा मांडी धरतो. मध्यरक्षक चढाईपटूची परतीची वाट अडवतो. एकट्याची पकड फसल्यास पकडणाराच बाद होतो. म्हणून हात धरून केलेली साखळी हा बचावाचा पाया मानला जातो.

हुतूतू या नावाने महाराष्ट्रात रूढ असलेल्या या खेळाच्या संजीवनी, गामिनी व अमर अशा तीन पद्धती होत्या. पुण्याचे डेक्कन जिमखाना व बडोद्याचा हिंदविजय जिमखाना या संस्थांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात त्याच्या नियमांना निश्चित रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक केले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडेच राहिले.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भातशेतीच्या तालुक्यांत, हा खेळ गावोगावच्या मंडळांनी जोपासला. पीक निघाल्यावर मोकळी झालेली जमीन सपाट केली की मैदान तयार होते. चेंडू, जाळे वा अन्य साहित्य लागत नाही. अशा मातीवर अनवाणी खेळणाऱ्याची पकड प्रामुख्याने कंबर व पायांच्या बळावर घडते. आंतरराष्ट्रीय व व्यावसायिक सामने मात्र मॅटवर, बूट घालून खेळले जातात. मॅट महाग असल्याने खेड्यातील मुलाला तिचा सराव उशिरा मिळतो आणि निवडीच्या वेळी हेच अंतर त्याला नडते.

बचावपटूची कारकीर्द पूर्वी नोकरीशी बांधलेली होती. मंडळ, जिल्हा व राज्य या पायऱ्या चढलेल्या खेळाडूस पोलीस, रेल्वे, बँका वा तेलकंपन्या यांच्या संघांत स्थान मिळे. खेळ संपला तरी वेतन चालू राही. अमेरिकन फुटबॉलमधील लाइनबॅकर हा त्याच्या कामाशी जुळणारा खेळाडू होय. तो विद्यापीठाच्या संघातून वार्षिक निवडीद्वारे व्यावसायिक संघात जातो. कबड्डीत विद्यापीठाचे हे स्थान बव्हंशी गावच्या मंडळाकडे राहिले.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने लिलावाद्वारे मोबदल्याची नवी वाट उघडली. तीन वा त्याहून कमी बचावपटू मैदानात असताना केलेल्या पकडीस जादा गुण देण्याच्या नियमाने बचावाचे मोलही वाढविले. कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश एर्नाक हे ठाणे जिल्ह्यातील याचे ठळक उदाहरण होय. पुणेरी पलटणचे नेतृत्व त्याने केले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो भारतीय संघात होता. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला हरविले व भारतास कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. इराणच्या विजयात फझल अत्राचली याच्यासारख्या बचावपटूंचा मोठा वाटा होता. भारतातील व्यावसायिक स्पर्धेतच खेळून त्याने हा अनुभव मिळविला होता. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या स्पर्धेत भारताने सुवर्णपदक परत मिळविले.

गुडघा, घोटा व खांदा यांच्या दुखापती बचावपटूस वारंवार होतात, त्यामुळे लिलावातील करार अल्पकाळच टिकू शकतो. नोकरीचे जुने संरक्षण व व्यावसायिक मोबदला यांची सांगड कशी घालावयाची आणि मॅट तालुक्यापर्यंत कशी पोहोचवावयाची, या दोन गोष्टींवर ग्रामीण बचावपटूचे भवितव्य अवलंबून आहे.