बंगालची चौथाई
नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या १७४२ मध्ये सुरू झाल्या. पुढील वर्षी नबाब अलीवर्दीखानाने रघूजी भोसल्यांना हटविण्यासाठी पेशवे बाळाजी बाजीराव यांना २२ लक्ष रुपये दिले. स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकरांचा दग्याने वध करविला. वैर अधिकच चेतले. मुलूख उजाड होऊन महसूल आटला. अखेर १७५१ च्या तहाने सालिना १२ लक्ष रुपये चौथाई ठरली, ओरिसाचा महसूल भोसल्यांकडे गेला आणि सुवर्णरेखा नदी ही सीमा झाली. पूर्वीचा पैसा तिऱ्हाइताच्या हाती पडला होता. हा प्रत्यक्ष शत्रूला, सीमेच्या करारासह मिळणार होता. म्हणूनच तो युद्धाहून स्वस्त ठरला. परंतु बंगाली अंगाईगीतांत 'बर्गी' हे भयाचे नाव होऊन राहिले. रयतेने सोसलेल्या त्या दहा वर्षांचा हिशेब तहात नव्हता.