पन्नास रियालांचे नाणे

स्पेनमधील सेगोविया येथे १६०९ साली पाडलेले पन्नास रियालांचे चांदीचे नाणे आज अत्यंत दुर्मीळ गणले जाते. ‘सिंक्वेंतीन’ हे त्याचे नाव. वजन सुमारे १७० ग्रॅम, व्यास साडेसात सेंटिमीटरांच्या आसपास. एवढे जड नाणे बाजारहाटासाठी नव्हते हे उघड आहे. ते दरबारी भेटीचे आणि वैभवप्रदर्शनाचे साधन होते. मात्र आमच्या दृष्टीने या नाण्याचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा त्याच्या घडणीत आहे.

तोपर्यंत नाणी हातोड्याने ठोकून पाडली जात. त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असत; त्यामुळे कडेची चांदी कातरून घेतली तरी सहसा कळत नसे. टायरॉलमधील हॉल येथे यावर यांत्रिक उपाय निघाला होता. दुसऱ्या फिलिपने टायरॉलचा अधिपती असलेल्या आपल्या चुलतभावाकडून, आर्चड्यूक फर्डिनांडकडून, ही यंत्रे व कारागीर मिळवले. एरेस्मा नदीकाठी वास्तुकार ह्वान दे एरेरा याच्या आराखड्यानुसार टांकसाळ उभी राहिली आणि १५८६ मध्ये तेथे नाणी पडू लागली. पाणचक्कीवर फिरणाऱ्या रुळांतून चांदीची पट्टी आधी पातळ होई; मग ठसे कोरलेल्या दोन रुळांमधून जाताना तिच्या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी छाप उमटे; शेवटी गोल चकत्या कापून काढल्या जात. रुळांमुळे नाण्याला येणारा किंचित बाक हीच त्याची ओळख. शेजारी सेगोवियाच्या रोमन जलसेतूचे चिन्ह.

येथे इतिहासाचा उपरोध सुरू होतो. नाण्यावरचा विश्वास दृढ करणाऱ्या याच टांकसाळीतून तिसऱ्या फिलिपच्या काळात चांदीविरहित तांब्याची नाणी मोठ्या प्रमाणावर निघाली. १६०२ मध्ये त्यांचे वजन निम्मे झाले, दर्शनी मूल्य मात्र तेच राहिले. १६०७ मध्ये राज्याने दिवाळखोरी पत्करली. कडा कातरणाऱ्या चोराला यंत्राने अडवले खरे. पण राजालाच कातरायचे असेल तर यंत्र काय करणार?

हा प्रश्न इतिहासकार ह्वान दे मारियाना या जेझुइट धर्मगुरूने विचारला. प्रजेच्या संमतीवाचून नाण्याचा कस उतरवणे म्हणजे तिची मालमत्ता हिरावणे, असे त्याने लॅटिन निबंधात मांडले. निबंध कोलोनला छापला गेला आणि मारियानाला कैद झाली. साल तेच, १६०९.

एकाच वर्षी एका राज्याने जगाला दाखवण्यासाठी शुद्ध चांदीचा छाप उमटवला आणि त्याच राज्यातील नाण्यांचे सत्य सांगणाऱ्याला कोंडून ठेवले. साहित्याच्या अभ्यासकांनी हे नाणे एखाद्या संहितेप्रमाणे वाचावे असे आम्हांला वाटते. राजमुद्रेखालचा ठसा जितका रेखीव, तितकेच त्याच काळात काय दडवले जात होते हे विचारणे अगत्याचे. नाणे वाजवून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण शब्दांनाही लागू पडते.