गडाची कोठी आणि फौजेची रसद
शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे परस्परांस आवर घालणारे अंमलदार नेमून धान्यादि सामग्रीचा जमाखर्च कारखानिसाकडे सोपविलेला असे. आणि चिपळूणच्या छावणीस दाणावैरण पावसाळाभर पुरवून खर्चण्याची जी सक्त ताकीद शिवाजी महाराजांनी दिली, तीत तर रयतेला तोशीस लागू नये ही कळकळ प्रत्येक ओळीत जाणवते. पुढे पेशवाईत, १७६० साली मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब उत्तरेत असता, रसदेचा केवढा तरी भार पेशव्यांचे तिकडील अंमलदार गोविंदपंत बुंदेले या एकट्यांवर पडला. डिसेंबरात ते मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपासमारीने गांजलेली फौज पानिपतावर झुंजावयास निघाली. फौजेबरोबर आलेल्या यात्रेकरूंचे ओझे होतेच. तथापि व्यवस्थेऐवजी व्यक्तीवर विसंबणे, ही उणीव मला अधिक घातक वाटते.