शिल्ड मोठी की कप? अंधेरीच्या मैदानावरील एका वादाचा इतिहास

वर्षभराच्या साखळीत सगळ्यांत जास्त गुण मिळवणारा संघ खरा विजेता, की शेवटच्या बाद फेरीत टिकून राहणारा? मुंबईच्या फुटबॉलमध्ये मोसम संपत आला की हा प्रश्न हटकून निघतो. २०१६ पासून त्याचे मुख्य ठिकाण अंधेरी पश्चिमेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसी या संघाने त्या वर्षापासून इथल्या मुंबई फुटबॉल अरिनाला आपले घर केले. साखळीत पहिले येऊन बाद फेरीत हरणे आणि साखळीत मागे पडून चषक उचलणे, असे दोन्ही अनुभव या संघाने घेतले असल्यामुळे उपनगरातल्या समर्थकांकडे दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. प्रश्न मात्र सुपर लीगपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याची मुळे मुंबईत फुटबॉल कसा आला यात आहेत.

फुटबॉलमध्ये विजेता ठरवण्याच्या दोन पद्धती इंग्लंडमध्ये तयार झाल्या. एफए कप १८७१ मध्ये सुरू झाला. त्यात हरलेला संघ तिथेच बाहेर पडे. १८८८ मध्ये १२ क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग काढली, तिच्यात प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळे आणि गुणांची बेरीज विजेता ठरवी. भारतात त्याच १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला, तर १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक. दोन्ही स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या आणि दोन्हींत सुरुवातीला ब्रिटिश पलटणींचा वरचष्मा होता. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला. वेगवेगळ्या छावण्यांतून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या संघांना सोयीची पद्धत बाद फेरीचीच होती. कलकत्त्यात १८९८ पासून साखळी स्पर्धा रुजली आणि तिथल्या क्लबांना वर्षभराचे वैरी मिळाले. मुंबईच्या प्रेक्षकाला मात्र मोठा फुटबॉल दिसला तो रोव्हर्सच्या रूपात, म्हणजे एका सामन्यात सगळे पणाला लावणारा.

कूपरेजच्या मैदानावर रंगलेल्या या स्पर्धेने भारतीय फुटबॉलमधले अनेक टप्पे पाहिले. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून १-४ असा हरला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने चषक जिंकून पलटणींची मक्तेदारी मोडली आणि पुढच्या वर्षी तो राखला. १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग विजेता ठरला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे चषक हैदराबाद पोलीस संघाकडे राहिला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढे भारताचे सर्वांत नावाजलेले प्रशिक्षक झाले. मुंबईच्या चषकावर मुंबईबाहेरचे संघ नाव कोरत होते आणि मुंबईकर दर्दी त्यांच्या खेळाची तुलना करत होते. घरच्या संघाचा अभिमान अधूनमधूनच मिळे. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला, तो अशा मोजक्या प्रसंगांपैकी एक.

कॅल्टेक्स हे त्या काळच्या मुंबई फुटबॉलचे नमुनेदार उदाहरण आहे. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, चेंबूरची आरसीएफ असे इथले बलाढ्य संघ कंपन्यांचे आणि सरकारी आस्थापनांचे होते. खेळाडूला त्यांच्याकडे नोकरी मिळे आणि संघाला खेळाडू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारे नेव्हिल डिसोझा टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. वांद्र्यातील फुटबॉल टर्फला आज त्यांचे नाव आहे. हे संघ शहराच्या हारवूड लीगमध्येही खेळत, म्हणजे मुंबईत साखळी होतीच. पण कंपनीचा संघ हा कंपनीचा असतो. त्याच्या पाठीशी वस्ती नसते, आणि वस्ती नसेल तर गुणतक्त्यातल्या दोन गुणांसाठी कोणी भांडत बसत नाही.

वस्त्या होत्या त्या उपनगरांत. वांद्रे, कलिना, मरोळ, मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आयसी कॉलनी या भागांतल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. चर्च आणि शाळांच्या आवारांत छोट्या जागेवरचा रिंक फुटबॉल तिथे रुजला. त्याच्या स्पर्धांना भागाभागांतले लोक गर्दी करतात आणि कोणत्या भागाचा संघ सरस यावर तावातावाने बोलतात. महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनी या खेळाडूंना पुढची पायरी दिली, आणि तिच्या पुढे विद्यापीठाच्या संघाची आणि कंपनीतल्या नोकरीची वाट होती. या सगळ्या स्पर्धा थोड्या दिवसांत उरकायच्या असल्यामुळे त्यांत बाद फेरीचाच भर असतो. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे, म्हणजे तिकडच्या सॉकरचे, १९५९ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद आहे. तिथे साखळी मोसमानंतर निवड समिती बाद फेरीतले काही संघ ठरवते आणि कोणाला घेतले, कोणाला वगळले, यावर समर्थकांचे रण माजते. मुंबईत महाविद्यालयीन फुटबॉलला तेवढा प्रेक्षक कधी लाभला नाही. तशा चर्चेला इथे हक्काचा क्लब मिळावा लागला.

त्या क्लबची वाट लांब होती. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि देशभरचे संघ प्रथमच एका साखळीत आले. रोव्हर्स चषकाची शेवटची स्पर्धा २०००-०१ च्या मोसमात झाली. शंभराहून अधिक वर्षांची बाद फेरी संपली आणि देशातला पहिल्या क्रमांकाचा मान साखळीकडे गेला. १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेल्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली ही राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाचे ते पहिले राष्ट्रीय साखळी विजेतेपद. पण २०१० मध्ये महिंद्रने संघ बंद केला. २००७ मध्ये निघालेला आणि राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमध्ये खेळणारा मुंबई एफसी दहा वर्षे टिकला. या सगळ्या काळात मोठा सामना पाहायचा तर बोरिवली-मुलुंडच्या प्रेक्षकाला लोकलने चर्चगेट किंवा सीएसटी गाठून कूपरेजला जावे लागे.

२०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली. मुंबई सिटीने पहिला घरचा सामना १८ ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला आणि पुणे सिटीला ५-० असे हरवले. आंद्रे मोरित्झने त्यात लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. नेरूळचे ते मैदान प्रचंड होते, पण खाडीपलीकडे. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला. महापालिकेचे हे संकुल तोवर मुंबईकरांना १९९६ च्या मायकेल जॅक्सनच्या कार्यक्रमामुळे जास्त ठाऊक होते. ३ सप्टेंबर २०१६ रोजी भारताने इथे पोर्टो रिकोला ४-१ ने हरवले. मुंबईत ६१ वर्षांनी झालेला तो आंतरराष्ट्रीय सामना होता. जून २०१८ मध्ये चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला फक्त २,५६९ प्रेक्षक आल्यावर भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने लोकांना मैदानावर येण्याची विनंती केली आणि पुढचा केनियाविरुद्धचा सामना, जो त्याचा शंभरावा होता, तुडुंब गर्दीत झाला. प्रेक्षक येऊ शकला याला भूगोलाचेही कारण आहे. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे आझाद नगर स्थानक संकुलाच्या जवळ आहे, त्यामुळे मध्य रेल्वेवरची उपनगरेही या मैदानाशी जोडली गेली. मैदान लहान, काही हजार आसनांचे, आणि प्रेक्षक रेषेच्या अगदी जवळ. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा समर्थकांचा गट इथलाच. उपनगरांतल्या मल्याळी आणि बंगाली वस्तीमुळे केरळ आणि कोलकात्याच्या संघांनाही इथे पाठीराखे मिळतात, म्हणून वादाला समोरची बाजूही घरातच मिळते.

अंधेरीतला पहिलाच मोसम वादाचा पाया ठरला. अलेक्झांड्रे गिमाराइस यांच्या प्रशिक्षणाखाली, दिएगो फोर्लानसह खेळणाऱ्या मुंबईने १४ सामन्यांत २३ गुण मिळवून गुणतक्त्यात पहिला क्रमांक पटकावला. उपांत्य फेरीत गाठ पडली चौथ्या क्रमांकाच्या ॲटलेटिको दी कोलकाताशी. कोलकात्यातला पहिला सामना मुंबईने २-३ असा गमावला आणि फोर्लानला लाल कार्ड मिळाले. १३ डिसेंबरला अंधेरीत त्याच्याविना खेळताना मुंबईला गोल करता आला नाही. सामना ०-० सुटला आणि साखळीतला चौथा संघ पुढे जाऊन विजेताही झाला. पहिल्या क्रमांकासाठी त्या वेळी वेगळे पारितोषिक नव्हते. साखळीत सर्वांच्या पुढे राहिलेल्या संघाची नोंद विजेत्यांच्या यादीत कुठेच झाली नाही.

२०१८-१९ मध्ये मुंबईचा उपांत्य सामना गोव्याशी झाला. अंधेरीत मुंबई १-५ अशी हरली, नंतर गोव्यात १-० ने जिंकली, पण बेरजेत बाहेर पडली. गोव्याचा अंतिम सामनाही अंधेरीतच होता. १७ मार्च २०१९ रोजी जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला बंगळूरसाठी विजयी गोल केला तो मुंबईत जन्मलेल्या राहुल भेकेने. त्याच्या पुढच्या, २०१९-२० च्या मोसमापासून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला ‘लीग विनर्स शिल्ड’ आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमधली जागा मिळू लागली. पहिली शिल्ड गोव्याने जिंकली. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्येही साखळीतल्या पहिल्या संघाला वेगळी शिल्ड आणि बाद फेरीच्या विजेत्याला वेगळा चषक देण्याची रीत आहे. शिल्ड आल्याने वाद मिटला नाही. आता एकाच मोसमाचे दोन मान झाले आणि त्यांतला मोठा कोणता हे ठरवायचे राहिले.

पुढच्या चार वर्षांत मुंबई सिटीने या प्रश्नाची जवळपास सगळी उत्तरे मैदानावर मांडली. २०२०-२१ चा मोसम करोनामुळे पूर्ण गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. सर्जिओ लोबेरा यांच्या संघाने २८ फेब्रुवारीला एटीके मोहन बागानला २-० ने हरवून गुण ४०-४० असे बरोबरीत आणले आणि परस्परांतल्या दोन्ही लढती जिंकलेल्या असल्यामुळे शिल्ड घेतली. १३ मार्चला त्याच संघाविरुद्ध बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलने चषकही २-१ असा जिंकला. एकाच मोसमात दोन्ही मान मिळवणारा हा पहिला संघ. शिल्डमुळे मिळालेल्या आशियाई स्पर्धेत मुंबईने ११ एप्रिल २०२२ रोजी इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई हा पहिला भारतीय क्लब ठरला, आणि विजयी गोल पुन्हा भेकेचाच होता, या वेळी मुंबईसाठी.

२०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅम यांचा संघ पहिले १८ सामने हरलाच नाही. ११ फेब्रुवारीला गोव्यात ५-३ असा जिंकून, साखळी संपण्याआधीच त्याने शिल्ड निश्चित केली आणि अखेर २० सामन्यांत ४६ गुण मिळवले. मग उपांत्य फेरीत अंधेरीतला सामना बंगळूरने छेत्रीच्या गोलवर १-० ने जिंकला, परतीचा सामना मुंबईने २-१ ने घेतला आणि शूटआउटमध्ये बंगळूर ९-८ ने पुढे गेला. २०२३-२४ मध्ये नेमके उलटे घडले. साखळीच्या शेवटच्या दिवशी, १५ एप्रिलला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानने २-१ ने जिंकून ४८ गुणांसह शिल्ड नेली. मुंबईचे गुण ४७. त्यानंतर गोव्यातल्या उपांत्य सामन्यात ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे असलेल्या मुंबईने तीन गोल करून ३-२ असा विजय मिळवला आणि अंधेरीतला सामना २-० ने जिंकला. ४ मे २०२४ रोजी, ज्या मैदानावर शिल्ड गेली त्याच सॉल्ट लेकवर, मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक मुंबईने उचलला. कर्णधार होता राहुल भेके.

समर्थकांचे युक्तिवाद या मोसमांतूनच घडले. साखळीच्या बाजूचे म्हणतात की वीस-बावीस सामन्यांत दुखापती, प्रवास आणि पंचांचे चुकलेले निर्णय सगळ्यांच्या वाट्याला येतात, म्हणून गुणतक्ता खोटे बोलत नाही. २०१६ आणि २०२३ ही त्यांची उदाहरणे, आणि आशियात जाण्याचा हक्क शिल्डमुळे मिळाला हा त्यांचा सर्वांत भक्कम आधार. चषकाच्या बाजूचे म्हणतात की मोठा संघ दडपणाखालीच ओळखला जातो. गोव्यातले ते तीन गोल साखळीच्या मधल्या एखाद्या सामन्यात झाले असते तर ते इतके कोणाच्या लक्षात राहिले नसते. नियमांवरही मतभेद आहेत. गुण समान झाले तर परस्परांतला निकाल पाहावा की गोलफरक? २०२२-२३ ते २०२४-२५ या मोसमांत पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरी मिळे, पण साखळीतला पहिला संघ दोन सामन्यांच्या बेरजेत एखाद्या वाईट दिवसाने बाहेर पडू नये म्हणून त्याला आणखी सवलत द्यावी का?

दोन्ही बाजूंना मुंबईच्या इतिहासात आधार आहे. रोव्हर्सने शहराला एका सामन्यात सगळे ठरवणारा फुटबॉल दाखवला, राष्ट्रीय लीगने सातत्याची किंमत शिकवली. महाराष्ट्राने राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी अखेरच्या बाद फेरीतून मिळवली, तर महिंद्रने २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद साखळीतून. उपनगरांतल्या समर्थकांनी हा जुना प्रश्न आपल्या संघावर आणून ठेवला, कारण कंपन्यांच्या काळात जे नव्हते ते आता आहे: घराजवळचे मैदान आणि ज्याला आपला म्हणता येईल असा क्लब. हा वाद मुंबईत फुटबॉल पूर्वीही होता म्हणून सुरू झाला, आणि अंधेरीत त्याला वस्ती मिळाली म्हणून टिकून आहे.