तोतया वकील (मुंबई उपनगर)

तोतया वकील म्हणजे राज्य बार कौन्सिलच्या नामावलीत नाव नसताना, अथवा ते काढून टाकले गेल्यानंतरही, वकील असल्याचे भासवून अशिलांकडून कामे व शुल्क घेणारी व्यक्ती होय. बोलीभाषेत 'बोगस वकील' हा शब्दप्रयोग रूढ आहे. या लेखात मुंबई उपनगर जिल्ह्यातील, विशेषतः अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या भागांतील परिस्थितीच्या संदर्भात अशा फसवणुकीचे स्वरूप, तिच्याशी संबंधित कायदा, पडताळणीची साधने आणि फसवणूक झाल्यास उपलब्ध असलेले उपाय यांची माहिती दिली आहे.

तोतया वकील आणि गैरवर्तन करणारा सनदधारक वकील यांत कायद्याने मूलभूत फरक केला आहे. पहिल्याविरुद्ध पोलिसांकडे, तर दुसऱ्याविरुद्ध प्रामुख्याने बार कौन्सिलकडे दाद मागावी लागते. तक्रार चुकीच्या ठिकाणी गेल्यास वेळ वाया जातो आणि दरम्यान मूळ प्रकरणाची मुदत संपण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. त्याचे मुख्यालय वांद्रे येथे आहे. जिल्ह्यातील न्यायालये एका ठिकाणी नाहीत. दंडाधिकारी न्यायालये अंधेरी, बोरिवली, वांद्रे, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड आदी ठिकाणी आहेत. नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची उपनगरांसाठीची शाखा गोरेगावजवळ दिंडोशीला, कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात, तर मुंबई उच्च न्यायालय दक्षिण मुंबईत फोर्ट येथे आहे. सामान्य पक्षकाराचा न्यायालयाशी संबंध आयुष्यात क्वचितच येतो. आपले प्रकरण नेमक्या कोणत्या न्यायालयात चालणार, हेही त्याला अनेकदा ठाऊक नसते. मध्यस्थ व तोतया याच अपरिचयाचा लाभ घेतात.

उपनगरांत घरांशी संबंधित कायदेशीर कामे मोठ्या प्रमाणावर असतात. जुन्या गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील पात्रता, मानीव अभिहस्तांतरण, पागडीच्या खोल्या, वारसांमधील वाटणी आणि भाडेकराराची नोंदणी ही त्यांतील काही होत. यांपैकी बरीच कामे न्यायालयात नव्हे, तर दुय्यम निबंधक, सहकारी संस्थांचे उपनिबंधक किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांच्या कार्यालयांत चालतात. त्यामुळे दस्तलेखक, नोंदणीचे दलाल, पुनर्विकास सल्लागार आणि वकील यांच्यातील सीमारेषा सामान्य माणसाला पुसट वाटते.

कायदेशीर तरतुदी

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ व ३३ नुसार भारतात वकिली करण्याचा अधिकार केवळ नामावलीत नोंद असलेल्या अधिवक्त्यांना आहे. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त विधी पदवी आणि वयाची किमान २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक असते. नोंदणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रास महाराष्ट्रात 'सनद' म्हणतात. राज्यातील नामावली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल ठेवते. सनद मिळाल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असून, ही परीक्षा २०११ पासून घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिची वैधता मान्य केली.

अधिकार नसताना वकिली करणाऱ्यास कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. प्रत्यक्षात अशा प्रकरणांत फसवणूक, तोतयेगिरी, बनावट दस्तऐवज तयार करणे व तो खरा म्हणून वापरणे हे अधिक गंभीर गुन्हेही लागू होतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेखाली नोंदवले जातात. त्यांपैकी न्यायालयीन अभिलेखाच्या बनावटीबाबत कलम ३३७ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे.

न्यायालयाच्या आवारात पक्षकार गाठून वकिलाकडे नेणाऱ्या दलालांविरुद्धची तरतूद पूर्वी १८७९ च्या कायद्यात होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ म्हणून समाविष्ट करण्यात आली. वकिलाने स्वतः पक्षकार मिळवण्यासाठी धावपळ करणे हेही गैरवर्तन ठरते. १९६० च्या दशकात मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयांच्या प्रवेशद्वाराशी पक्षकार येताच काही वकील त्यांच्यावर तुटून पडत, कागद हिसकावत आणि आपसांत झगडत, अशा तक्रारी झाल्या. त्यांतून उद्भवलेले 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध एम. व्ही. दाभोळकर' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ मध्ये न्यायालयाने असे वर्तन व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे वकील सनदधारक होते. तथापि आवारात जवळ येणाऱ्या अनोळखी व्यक्तीपासून सावध का राहावे, हे या प्रकरणावरून समजते.

लॉ फर्म आणि सनद

सनद व्यक्तीला मिळते, संस्थेला नाही. 'लॉ फर्म', 'असोसिएट्स' किंवा 'लीगल कन्सल्टन्सी' अशी पाटी लावण्याने वकिलीचा अधिकार प्राप्त होत नाही. फर्म ही नामावलीतील वकिलांची भागीदारी असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला वकील नसलेल्या व्यक्तीशी भागीदारी करता येत नाही, तसेच शुल्कात तिला वाटाही देता येत नाही. म्हणून आस्थापनेचे नाव, तिचा वस्तू व सेवा कर क्रमांक किंवा दुकान नोंदणी दाखवणे हा सनदेचा पुरावा ठरत नाही. संबंधित कामाचे वकीलपत्र कोणाच्या नावे आहे, हे पाहणे निर्णायक असते.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये 'लॉयर्स कलेक्टिव्ह' प्रकरणात वकिली या संज्ञेत न्यायालयाबाहेरील कायदेविषयक कामाचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. हे प्रकरण परदेशी लॉ फर्मच्या भारतातील कार्यालयांविषयी होते. न्यायालयात उभे न राहता केवळ कायदेशीर सल्ला देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या संदर्भातही ते महत्त्वाचे मानले जाते.

वकील नसलेल्या व्यक्तीने केलेले प्रत्येक प्रतिनिधित्व मात्र बेकायदेशीर नसते. कोणालाही स्वतःचे प्रकरण स्वतः चालवता येते. न्यायालय कलम ३२ अन्वये विशिष्ट प्रकरणात अन्य व्यक्तीस परवानगी देऊ शकते. ग्राहक आयोगासमोर प्राधिकृत प्रतिनिधी उभा राहू शकतो. त्याविषयीचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केला. प्रतिनिधीने स्वतःला वकील म्हणवून घेतल्यास मात्र ती तोतयेगिरी होते.

फसवणुकीचे प्रकार

बनावट सनद: दुसऱ्याच्या सनदेवर स्वतःचे नाव घालणे किंवा खऱ्या वकिलाचा नोंदणी क्रमांक वापरणे हा सर्वांत थेट प्रकार आहे. २०२२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुल पोलिसांनी बनावट सनदेच्या आधारे अनेक वर्षे वकिली केल्याच्या आरोपावरून ७२ वर्षांच्या एका महिलेस अटक केली होती. वय, काळा कोट किंवा आवारातील ओळखी यांवरून अधिकाराचा अंदाज बांधता येत नाही, असे या घटनेवरून दिसते.

दाखल न झालेला दावा: शुल्क घेऊन दावा दाखल केल्याचे सांगितले जाते आणि महिनोन्महिने 'पुढची तारीख' दिली जाते. प्रत्यक्षात न्यायालयात नोंदच नसते. काही प्रकरणांत बनावट आदेशही दाखवला जातो.

अशक्य कालावधीचे आश्वासन: विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार विवाहापूर्वी ३० दिवसांची नोटीस आवश्यक असताना त्या कायद्याखाली 'एका दिवसात कोर्ट मॅरेज' करून देण्याचे आश्वासन दिले जाते. नोटरीसमोर कागद करून घटस्फोट मिळतो, असेही सांगितले जाते. नोटरीला विवाह विसर्जित करण्याचा अधिकार नाही. असा कागद बाळगणाऱ्या व्यक्तीने पुन्हा विवाह केल्यास ती द्विभार्या किंवा द्विपतित्वाच्या आरोपात अडकू शकते.

धमकीच्या नोटिसा: कर्जवसुलीसाठी फर्मच्या नावाने भ्रमणध्वनीवर अटकेची धमकी देणाऱ्या नोटिसा पाठवल्या जातात. वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नसतो आणि केवळ कर्ज थकल्यामुळे पोलीस अटक करत नाहीत. याच प्रकाराचे उग्र रूप म्हणजे तथाकथित 'डिजिटल अरेस्ट'. २०२४ मध्ये लुधियाना येथील उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना चित्रसंवादाद्वारे सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून त्यांच्याकडून ७ कोटी रुपये उकळण्यात आले. भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार अस्तित्वात नाही.

ओळखण्याची लक्षणे

पुढील बाबींपैकी एखादी आढळली म्हणजे व्यक्ती तोतया असतेच असे नाही. त्या आढळल्यास मात्र काम सोपवण्यापूर्वी पडताळणी करणे आवश्यक ठरते.

• निकालाची किंवा जामिनाची हमी देणे. न्यायाधीशांशी अथवा पोलिसांशी 'ओळख' असल्याचे सांगून त्यांच्या नावाने रक्कम मागणे.
• वसुलीच्या रकमेतील टक्केवारीवर काम घेणे. असा करार करण्यास वकिलांना मनाई आहे.
• जाहिरात, पत्रके किंवा संदेश यांद्वारे पक्षकार मिळवणे. वकिलांना जाहिरात करण्यास बंदी आहे.
• शुल्काची पावती नाकारणे किंवा रक्कम तिऱ्हाइताच्या खात्यात भरण्यास सांगणे.
• कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर किंवा न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही मागणे.
• प्रकरण क्रमांक न सांगणे. प्रत्येक तारखेला 'तुम्ही येण्याची गरज नाही' असे सांगणे.

पडताळणी

पडताळणीचे दोन टप्पे आहेत. व्यक्तीचे नाव नामावलीत आहे काय, हा पहिला. आणि प्रकरण न्यायालयाच्या नोंदीत आहे काय, हा दुसरा. केवळ पहिल्या टप्प्यावर थांबल्यास सनदधारकाने केलेली फसवणूक लक्षात येत नाही.

पहिल्या टप्प्यासाठी वकिलाकडून पूर्ण नाव आणि सनदेचा क्रमांक घ्यावा. या क्रमांकात राज्याचे संक्षिप्त रूप, अनुक्रमांक व नोंदणीचे वर्ष असते. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात तो पडताळता येतो. क्रमांक अस्तित्वात असणे पुरेसे नाही. त्यापुढील नाव, वर्ष आणि ओळखपत्रावरील छायाचित्र समोरच्या व्यक्तीशी जुळले पाहिजे. वयाने मोठ्या वकिलाच्या सनदेवर अलीकडचे वर्ष असणे संशयास्पद नसते, कारण अनेक जण अन्य नोकरीनंतर वकिलीत येतात. संबंधित न्यायालयातील वकील संघटनेच्या कक्षातही चौकशी करता येते.

दुसऱ्या टप्प्यासाठी ई-कोर्ट सेवेचे संकेतस्थळ व मोबाइल अ‍ॅप ही विनामूल्य साधने आहेत. जिल्हा व तालुका स्तरावरील प्रत्येक नोंदणीकृत प्रकरणाला सीएनआर हा १६ अंकाक्षरी क्रमांक मिळतो. त्यावरून, तसेच पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या नावावरून, प्रकरणाची स्थिती, पुढील तारीख आणि आदेश पाहता येतात. उच्च न्यायालयातील प्रकरणे त्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर दिसतात. ही साधने वापरता येत नसल्यास न्यायालयाच्या कार्यालयात चौकशी करून रोजनामा व आदेशांच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. वकिलाने दाखवलेल्या छायाप्रतीपेक्षा प्रमाणित प्रत विश्वासार्ह असते.

वकीलपत्रावर न्यायालयाचे नाव, पक्षकारांची नावे आणि वकिलाची स्वीकृतीची सही असल्याची खात्री करूनच सही करावी व त्याची प्रत ठेवावी. न्यायालयीन शुल्क व वकिलाचे शुल्क या स्वतंत्र रकमा आहेत. पहिल्या रकमेची शासकीय पावती मिळते. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट व वैवाहिक हिंसाचार यांसंबंधी महिलांनी दाखल केलेल्या प्रकरणांत १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे. त्यामुळे अशा प्रकरणात या शीर्षाखाली मोठी रक्कम मागितली गेल्यास खुलासा घेणे इष्ट ठरते.

फसवणूक झाल्यास उपाय

फसवणुकीचा संशय येताच मूळ प्रकरणाची स्थिती तपासणे हे पहिले काम होय. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत सामान्यतः ३० दिवसांत, आणि न्यायालयाने मुदत वाढवल्यास ९० दिवसांपर्यंत द्यावी लागते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची असते. मुदत अधिनियमाच्या कलम ५ अन्वये विलंब माफ होऊ शकतो. ही सवलत अपिले व अर्जांपुरती असून मूळ दाव्यांना लागू नाही. म्हणून तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता नवा वकील नेमणे आवश्यक असते. पूर्वीचा वकील सनदधारक असल्यास शुल्क थकले या कारणास्तव त्याला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे.

व्यक्ती नामावलीत नसल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. हद्दीचा प्रश्न असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. पैसे ऑनलाइन गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवल्याने रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते. पावत्या, संदेश, व्यवहारांचे तपशील व दाखवलेले बनावट आदेश मूळ स्वरूपात जपून ठेवावेत.

व्यक्ती सनदधारक असल्यास कलम ३५ नुसार बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. शिस्तपालन समिती समज देणे, सनद निलंबित करणे किंवा नामावलीतून नाव काढणे यांपैकी शिक्षा देऊ शकते. तिच्या आदेशाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करता येते. रक्कम हडपणे किंवा बनावट कागद करणे अशा प्रकारांत त्याच्याविरुद्धही फौजदारी तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र उपलब्ध नाही, कारण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला.

विधी सहाय्य

कमी खर्चाच्या आशेने अनेक जण तोतयांकडे वळतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. उपनगरातील रहिवाशांना यासाठी मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

हेसुद्धा पाहा

• अधिवक्ता अधिनियम, १९६१
• महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल
• मुंबई उच्च न्यायालय
• मुंबई उपनगर जिल्हा